भिशीच्या वहीतला पेन्सिलचा ठिपका

आईची भिशी मी शाळेत होते तेव्हापासून चालू आहे. वीस बायका, महिन्याला हजार रुपये, १० तारखेला संध्याकाळी आमच्या घरी चिठ्ठी. सोलापुरात अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत घर आहे आमचं. येताना कुणी शेंगाचटणी आणतं, कुणी नुसत्या गप्पा आणतं, सगळ्यांचे पैसे जमले की स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, घरातलं नाहीतर शेजारचं सगळ्यात लहान पोर बोलवायचं आणि त्याच्या हातून एक चिठ्ठी काढून घ्यायची. बरीच वर्षं ते पोर मीच होते. जिचं नाव निघेल ती मावशी त्या महिन्याचे २०,००० घेऊन जाणार आणि जाताना माझ्या हातावर दहा रुपये ठेवणार, त्यामुळं माझ्यासाठी भिशी म्हणजे दहा रुपयेच होते.

आता मी ऍपचं डिझाइन करते, पोटापाण्याचं कामच ते आहे, पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून. आणि गेलं वर्षभर रात्रीचा वेळ काढून आम्ही मित्रमैत्रिणींसाठी पैसे साठवायचं एक छोटं ऍप करतोय. त्याबद्दल लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं कारण त्यात मी जे शिकले ते मला ऑफिसच्या कामात कधी शिकायला मिळालं नाही.

सुरुवात हंपीच्या ट्रिपनं झाली. डिप्लोमाला सोबत असलेले आम्ही आठ जण, दर महिन्याला प्रत्येकी दीड हजार काढायचे आणि दिवाळीनंतर जायचं असं ठरलं. एका मैत्रिणीच्या खात्यावर सगळ्यांनी पैसे पाठवायचे, ती जपून ठेवेल. ती अतिशय प्रामाणिक मुलगी आहे, आमच्यात सगळ्यात जास्त. तिसऱ्या महिन्यात काय झालं की तिच्या गाडीचा ईएमआय त्याच खात्यातून आपोआप कापला जायचा, त्या महिन्यात तिचा पगार उशिरा झाला, आणि ईएमआय आमच्या पैशातून गेला. तिला कळलं पण नाही, कळलं तेव्हा ती रडत माझ्याकडे आली की मी चोरी केली असं होतं का गं. चोरी कसली, पण खात्याला कुठं कळतं यातले किती तिचे आणि किती आमचे, बँकेला तर एकच आकडा दिसतो.

तेव्हा मी म्हणलं की यासाठी नीट काहीतरी बनवू या. आठातले दोघं कोडिंग करतात, मी डिझाइन.

पहिला विचार अर्थातच असा की ऍपचंच एक पाकीट करायचं, सगळ्यांनी त्यात पैसे टाकायचे. आठवडाभर त्याच्या स्क्रीन काढण्यात गेला. मग वाचायला बसलो तेव्हा कळलं की लोकांचे पैसे आपल्याकडे धरून ठेवायचे तर रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायदा आहे २००७ चा, त्याखाली. वर २०१९ चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदीचा कायदा. आठ मित्रांनी एकमेकांत पैसे साठवणं वेगळं आणि अनोळखी लोकांचे पैसे गोळा करणारं ऍप काढणं वेगळं, ही रेघ आधी समजून घेतली पाहिजे. भिशीतसुद्धा चिठ्ठीची भिशी वेगळी आणि लिलावाची भिशी वेगळी. लिलावात ज्याला घाई असेल तो कमी रक्कम घेऊन आधी उचलतो आणि उरलेले बाकीच्यांत वाटले जातात. ते चालवायला चिट फंड कायदा १९८२ प्रमाणे नोंदणी लागते, ती न करता गल्लोगल्ली चालतं ते सोडा, आम्ही लिलाव पहिल्याच दिवशी वगळला. कायदा हे एक कारण, पण माझ्या मनातलं खरं कारण असं की लिलावात सगळ्यात जास्त अडलेला माणूस सगळ्यात जास्त पैसे सोडतो, ते मला बघवत नाही.

मग ठरलं, पैसे ऍपमध्ये येणारच नाहीत. ऍप म्हणजे वही. पैसे देणाऱ्याच्या खात्यातून सरळ ज्याचा त्या महिन्याला उचलायचा नंबर आहे त्याच्या खात्यात जाणार, युपीआयनं, नाहीतर हातात रोख. मधे कुणाचं खातं नाही त्यामुळं कुणाचा ईएमआय त्यातून कापला जायचा प्रश्न नाही. आणि ज्यांना भिशी नकोय नुसतं साठवायचंय त्यांनी आपापल्या नावाची आरडी काढायची, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, पोस्टाची आरडी तर महिन्याला १०० रुपयांपासून निघते (मुदत मात्र ५ वर्षांची, ट्रिपसाठी बँकेची कमी मुदतीची बरी), गटाला फक्त एवढंच दिसणार की या महिन्याचं भरलं. पैसा आपापला, सोबत सगळ्यांची.

इथपर्यंत सोपं होतं. खरी अडचण तिथं आली जिथं मला वाटलं होतं की डिझाइनमध्ये काही करायलाच नको.

पहिल्या व्हर्जनमध्ये मी जे सगळीकडे असतं तेच केलं. भरलं त्याचं नाव हिरवं, नाही भरलं त्याचं लाल, शेजारी "थकबाकी ३ दिवस", आणि पाचव्या दिवशी सगळ्या गटाला आपोआप मेसेज. तोवर हंपीचं बारगळलं होतं आणि आम्ही आठ जणांनी रीतसर भिशीच सुरू केली होती, १२,००० ची, कारण प्रत्येकाला एकरकमी काहीतरी घ्यायचं होतं, एकीला ओव्हरलॉक मशीन (कापडाच्या कडेचे धागे सुटू नयेत म्हणून असतं ते, ती शाळेचे युनिफॉर्म शिवते), एकाला लॅपटॉप. दुसऱ्याच महिन्यात आमच्यातला एक मित्र लाल झाला. तो टॉवेलच्या कारखान्यात आहे, पगार आठवड्याला होतो, त्या आठवड्यात काम कमी होतं. पाचव्या दिवशी रात्री नऊ वाजता आठही फोनवर त्याच्या नावाचा मेसेज गेला. मी तेव्हा जेवत होते, माझ्या फोनवर पण आला, आणि आपण काय करून ठेवलंय ते मला त्या क्षणी कळलं. त्यानं अर्ध्या तासात कुणाकडून तरी उसने घेऊन पैसे पाठवले आणि मला फोन केला. चिडला नाही. एवढंच म्हणला, "मी देणार होतो बे, तुला माहितीय की. मग सगळ्यांना कशाला सांगितलंस?"

सांगितलं मी नव्हतं, ऍपनं सांगितलं होतं, पण ऍपला ते सांगायला मीच बसवलं होतं.

त्या रात्री मी आईची वही मागून घेतली. लांब लाल कापडी पाठीची वही असते ना, ती. आजवर शंभर वेळा बघितली असेल पण नीट कधीच बघितली नव्हती. डाव्या बाजूला वीस नावं, वर महिने, प्रत्येक घरात निळ्या पेनानं एक बरोबरची खूण. लाल काहीच नाही. काही काही घरात निळ्या खुणेच्या खाली अगदी बारीक काहीतरी दिसत होतं, वही दिव्याखाली तिरकी धरली तेव्हा दिसलं की तो पेन्सिलचा ठिपका आहे. आईला विचारलं हे काय. म्हणली, "ज्या दिवशी नाही आले त्या दिवशी पेन्सिलनं ठिपका द्यायचा, आले की वरून पेननं खूण करायची. ठिपका झाकला जातो." मी म्हणलं मग कुणी किती वेळा उशीर केला ते कसं कळणार. तर म्हणली, "कळून काय करायचंय?"

माझ्या कामात डेटा, हिस्टरी, स्कोअर असलेच शब्द रोज असतात, आणि ही बाई उशिराची नोंदच पुसली जाईल अशी पद्धत वापरतीय, आणि तिची भिशी इतक्या वर्षांत एकदाही फुटली नाही. असं नाही की तिला कुणी बुडवायला बघितलं नाही, एक बाई उचलून झाल्यावर गायब होणार होती, आई दोघींना घेऊन तिच्या दारात जाऊन बसली, चहा घेतला, पैशाचा विषयसुद्धा काढला नाही म्हणे, दुसऱ्या दिवशी पैसे आले. हे कुठल्या नोटिफिकेशननं होणार आहे.

तर आता ऍपमध्ये लाल रंग नाही. भरलं की निळी खूण, नाही तर राखाडी ठिपका, आणि भरलं की ठिपका जातो, मागं काही उरत नाही. ठिपका कुणाचा ते भिशी चालवणाऱ्याला दिसतं, बाकीच्यांना "८ पैकी ७ आले" एवढंच. आठवण फक्त त्या माणसालाच जाते, आणि ती कधी जावी हे ज्याचं त्यानं ठरवायचं, कारखान्यातल्या मित्रानं त्याच्या पगाराचा दिवस लावून ठेवलाय आणि चार आठवड्यांत चार तुकडे करून देतो, दीड हजार रुपये एकदम काढण्यापेक्षा आठवड्याला तीनशे-चारशे काढणं त्याला परवडतं. ऑटोपेचा विचार केला होता, युपीआयमध्ये २०२० पासून ती सोय आहे, पण ज्याची कमाई आठवड्यावर आहे त्याच्या खात्यातून ठरलेल्या तारखेला पैसे खेचणं मला पटत नाही.

आणखी एक. नंबर बदलून घ्यायची सोय. आईच्या भिशीत हे कायम चालतं, जूनमध्ये शाळेच्या फीसाठी नाहीतर जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावर सगळ्यांनाच नंबर हवा असतो, मग दोघी आपसात बदलतात. मी फॉर्म केला होता त्यात "कारण" असा एक रकाना होता आणि तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. आमच्यातल्या एकीचे वडील दवाखान्यात होते, तिला नंबर आधी हवा होता, आणि ती त्या रकान्यापाशी अडून राहिली. काय लिहू, आजाराचं नाव लिहू का, असं तिनं मला विचारलं. मी तो रकाना त्याच दिवशी काढून टाकला. आता फक्त "अमुक महिना हवा आहे" आणि समोरच्याचं हो किंवा नाही, आणि नाही म्हणलेलं तिसऱ्या कुणाला कळत नाही.

मग मी म्हणलं हे आपल्या आठ जणांपुरतंच कशाला, आईच्या भिशीत चालतंय का बघू. कागदावर स्क्रीन काढल्या, फोनच्या आकाराच्या चिठ्ठ्या कापल्या आणि १० तारखेला बायकांसमोर मांडल्या. कागदावर का, तर फोन हातात दिला की माणूस चुकायला घाबरतो, कागद दिला की बिनधास्त बोट ठेवतो.

पहिली अडचण, "हप्ता". मी सगळीकडे "हप्ता भरा" लिहिलं होतं. विड्या वळणाऱ्या एक मावशी आहेत, त्या म्हणल्या हप्ता तर आम्हाला मिळतो. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं आणि हप्ता म्हणजे आठवड्याची मजुरी, त्यामुळं "हप्ता आला का" याचा अर्थ त्यांच्यासाठी पूर्ण उलटा होता. आता तिथं "भिशी दिली" आणि "भिशी मिळाली" असं सरळ लिहिलंय.

दुसरी अडचण आकडे. त्यांच्यातल्या दोघींनी १५०० च्या जागी १५००० वर बोट ठेवलं. बोलताना तर सगळे दीड हजार, अडीच हजार, सव्वाशे असंच बोलतात, एक हजार पाचशे कोण म्हणतंय. म्हणून आता आकड्याच्या खाली मोठ्या अक्षरात "दीड हजार रुपये" असं येतं, आणि एक शून्य जास्त पडलं की "पंधरा हजार रुपये" वाचून माणूस थांबतोच.

तिसरी, चिठ्ठी. मी फार हौसेनं ऍपमध्ये चिठ्ठी काढायचं ऍनिमेशन केलं होतं, डबा हलतो, चिठ्ठी वर येते, उघडते. बायकांनी कौतुक केलं आणि म्हणल्या छान आहे, पण चिठ्ठी हातानंच काढायची. मी समजावायला गेले की यात कुणी काही करू शकत नाही, आकडा आपोआप पडतो. तर एक काकू म्हणल्या, "पोराच्या हातून निघतीय ते आम्ही डोळ्यानं बघतो. फोनमध्ये काय झालं ते कुणी बघितलं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचंच बरोबर आहे. ऍनिमेशन काढलं. आता चिठ्ठी डब्यातूनच निघते, उघडलेल्या चिठ्ठीचा फोटो ऍपमध्ये ठेवायचा आणि नाव लिहायचं, झालं. (त्या ऍनिमेशनमध्ये "चिठ्ठी" हा शब्दच धड दिसत नव्हता, ठ्ठ खालून कापला जायचा आणि वेलांटी वरून. इंग्रजीच्या मापानं बटण केलं की आपल्या अक्षरांना जागाच उरत नाही, ओळीची उंची वाढवत वाढवत अक्षराच्या दीडपट केली तेव्हा पूर्ण दिसायला लागलं.)

चौथी सगळ्यात महत्त्वाची होती आणि ती अडचण नव्हती, भीती होती. ऍप म्हणल्यावर एक मावशी हातच लावेनात. त्यांच्या मुलानं कुठल्या तरी कर्जाच्या ऍपवरून पैसे घेतले होते, त्या ऍपनं फोनमधले सगळे नंबर उचलले आणि वसुलीवाल्यांनी नातेवाईकांना फोन करून करून त्या पोराची अब्रू काढली. कर्जाच्या ऍपना कॉन्टॅक्ट आणि फोटो घेऊ द्यायचे नाहीत असा नियम प्ले स्टोअरनं २०२३ मध्ये केला, पण ज्याच्या घरात व्हायचं ते होऊन गेलं त्याला त्याचं काय. आमच्या ऍपमध्ये तेव्हा मैत्रिणी शोधायला कॉन्टॅक्टची परवानगी मागितली जायची, दोन बोटांचं काम वाचतं म्हणून. ती काढली. आता सहा आकडी कोड आहे, एकीनं वाचायचा, दुसरीनं दाबायचा. एका खोलीत बसलेल्या बायकांना याहून जास्त काही लागतच नाही. ऍप फोनमधलं काहीच मागत नाही, मेसेज नाही, नंबर नाही, आणि चिठ्ठीचा फोटो काढायचा तेव्हाच कॅमेरा.

मेसेज वाचायची परवानगी नाही म्हणून पैसे पोचले की नाही ते ऍपला आपोआप कळत नाही. आमचे कोडिंगवाले यावर बरेच दिवस अडले होते. आमच्या ऍपमधून युपीआय उघडून रक्कम भरून द्यायची असं करून बघितलं, पण दुसऱ्याच्या वैयक्तिक आयडीवर असं पाठवताना पेमेंट बऱ्याचदा अडायचं. मग बारा आकडी व्यवहार क्रमांक टाका म्हणलं, कुणी टाकेना. स्क्रीनशॉट ठेवू म्हणलं तर खोटे स्क्रीनशॉट करणारे कमी नाहीत. शेवटी परत वहीकडेच आलो, ज्याला पैसे मिळाले त्यानं स्वतःच्या खात्यात बघून "मिळाले" म्हणायचं. तेव्हाच ठिपक्याची खूण होते. रोख दिले तरी तेच.

लोक विचारतात मग बचत गटच का नाही. बचत गट फार मोठी गोष्ट आहे, नाबार्डनं १९९२ मध्ये गट बँकेला जोडायचं काम सुरू केलं, गटाच्या नावाचं खातं असतं, ठराव असतो, सह्या असतात, गटाला बँकेचं कर्ज मिळतं. ज्यांना व्यवसाय करायचाय त्यांनी तेच करावं. पण आठ मित्रांना मशीन नाहीतर लॅपटॉप घ्यायचाय त्यांना ठराव कशाला, त्यांना एकमेकांची सवय लागायला पाहिजे बस.

आमची पहिली फेरी गेल्या महिन्यात संपली. आठही जणांनी उचलली, आठही जणांनी शेवटपर्यंत दिली. ओव्हरलॉक मशीन आलं, मी बघायला गेले होते, तिनं मला एक सरळ शिवण मारून दाखवली आणि मागची बाजू उलटून दाखवली, एक धागा बाहेर नव्हता. कारखान्यातल्या मित्राचा नंबर शेवटचा होता, आठव्या महिन्यात त्याला एकदम १२,००० मिळाले, तो म्हणला एवढे पैसे एका दिवशी मी पहिल्यांदा बघितले. दुसऱ्या फेरीत तोच चालवणारा आहे, सगळ्यांनी मिळून त्याला दिलं.

आईच्या भिशीत मात्र ऍप आणि वही दोन्ही चालू आहे, आणि आई वही सोडणार नाही, मी पण तिला सोड म्हणणार नाही. तेलुगू लिहायचं काम बाकी आहे, वीसातल्या सात बायका घरी तेलुगू बोलतात आणि त्यांच्या सुना फोनवर मराठीपेक्षा तेलुगू पटकन वाचतात. शब्द त्यांनीच द्यायचे असं ठरलंय, मी भाषांतराच्या मशीनमधून काढणार नाही, हप्त्याचं एकदा झालं तेवढं पुरे. शिवाय तारीख सरकवायची सोय अजून नीट नाही. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतरानं येतं, आणि पाण्याच्या दिवशी कुणी बाई भिशीला घर सोडून येत नाही. या महिन्यात १० तारखेलाच पाणी आहे, म्हणून चिठ्ठी ११ ला. ऍप अजून १० च दाखवतंय, आज रात्री तेच नीट करायला बसतीय.